किल्लीमागचा स्वीच

पहाटेची वेळ असते. नारायणगावच्या बाजारात न्यावयाचे टोमॅटो जुन्या पिकअप गाडीत भरून झालेले असतात. चालक किल्ली फिरवितो, पण गाडी मुकीच राहते. पुन्हा फिरविल्यावर एकदा ‘टक्’ असा आवाज येतो, एकदा तोही येत नाही. भोवती जमलेले चौघे चार निदाने सांगतात. दुपारपर्यंत बॅटरी बदलली जाते, सेल्फही बदलला जातो. आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तशीच उभी! दोष असतो तो किल्लीमागे दडलेल्या लहानशा स्वीचमध्ये.

मोटारीच्या आरंभकाळी हँडल घालून इंजिन फिरवावे लागे. ते उलटून कित्येकांचे हात मोडले. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि ते संकट टळले. पुढे सारा कारभार एका किल्लीकडे सोपविला गेला. तिच्या साधारणतः चार जागा असतात: पहिली कुलपाची, दुसरी रेडिओपुरत्या विजेची, तिसरी गाडी चालती ठेवण्याची आणि चौथी सेल्फ फिरविण्याची.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. किल्ली शिरते ते कुलूप निराळे आणि त्यामागे वीज जोडणारा स्वीच निराळा. कुलूप झिजते ते किल्लीच्या घर्षणाने. स्वीचमधील धातूचे संपर्क जळतात ते प्रत्येक वेळी उडणाऱ्या बारीक ठिणगीने. किल्ली अडखळत असेल तर कुलपाचा संशय घ्यावा; ती सुखाने फिरूनही काही घडत नसेल तर विजेचा माग काढावा.

प्रारंभ बॅटरीपासून करावा. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. मग हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी, तिची टर्मिनले किंवा सेल्फ यांच्याकडे पाहावे. दिवे तसेच प्रखर राहिले, तर बहुधा वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी टेस्ट लॅम्प स्वीचच्या तारांना लावावा. स्वीचमध्ये येणाऱ्या तारेवर दिवा लागतो, पण किल्ली शेवटच्या जागी नेऊनही सेल्फकडे जाणाऱ्या तारेवर लागत नाही, असे दिसले तर स्वीच दोषी ठरतो. येणाऱ्या तारेवरच वीज नसेल, तर स्वीच निर्दोष असून फ्यूज अथवा तार तपासावी. दोन्हीकडे वीज असेल, तर पुढे रिले व सेल्फ यांची पाळी.

कधी इंजिन सुरू होते आणि किल्ली सोडताच बंद पडते. जुन्या पेट्रोल गाडीत याचा अर्थ असा, की चालू जागेचा संपर्क किंवा कॉईलपूर्वीचा रेझिस्टर तुटला आहे. डिझेल गाडीत इंधन सोडणाऱ्या झडपेची वीज तुटल्यानेही असेच घडते. खड्ड्यात गाडी बंद पडत असेल, तर ती उभी करून, न्यूट्रलमध्ये ठेवून व हँडब्रेक ओढून किल्ली हळूच हलवावी. समोरचे दिवे लुकलुकले, तर स्वीच किंवा त्याचा जोड सैल झाला आहे असे समजावे. स्वीच काढण्यापूर्वी मात्र बॅटरीची ऋण तार सोडविलीच पाहिजे.

हा दोष केवळ खोळंब्याचा नव्हे. २०१४ साली जनरल मोटर्सने याच कारणास्तव सुमारे २६ लाख लहान मोटारी परत बोलाविल्या. स्वीचमधील पकड दुबळी असल्यामुळे जड जुडग्याच्या ओझ्याने किंवा धक्क्याने किल्ली चालू जागेवरून घसरे. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि ऐन अपघातात एअरबॅग उघडत नसत. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. घरच्या, दुकानाच्या आणि गोदामाच्या किल्ल्या एकाच कडीत ओवून गाडीला लटकविणाऱ्यांनी ही हकीकत विसरू नये.

स्वीच बिघडला की दोन तारा उघड्या करून त्या एकमेकींना चिकटविण्याची युक्ती अनेकांना ठाऊक असते. त्या दिवसापुरती गाडी निघते; पण घासलेल्या तारेतून आग लागू शकते आणि चोराचे कामही सोपे होते. नवा स्वीच बहुधा बॅटरी आणि सेल्फ यांच्याहून पुष्कळच स्वस्त पडतो. पहाटे निघणाऱ्या चालकाने हत्यारांच्या पेटीत एक टेस्ट लॅम्प ठेवावा, आणि चौघांचे चार सल्ले ऐकण्यापूर्वी तो तारेला लावून पाहावा.