पायऱ्या दाखवा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि वर बजावलं, "तू नेमकं काय काम करतोस ते एकदा कळेल असं सांग." पंचवीस वर्षांत आईलाही मला ते नीट सांगता आलेलं नाही. तरी प्रयत्न करतो.

आपण प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला ती भाषा कळत नाही, म्हणून मधे एक दुभाषी लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. हा दुभाषी शब्दाला शब्द ठेवत नाही. अर्थ तोच ठेवून तो आपलं म्हणणं आखूड करतो, क्रम बदलतो, त्याला फालतू वाटेल ते गाळतो.

एक ते शंभर आकड्यांची बेरीज सरांनी फळ्यावर कशी करून दाखवली होती, आठवतं? शंभराला एकशे एकने गुणा आणि निम्मे करा. क्लँग नावाचा एक कंपायलर आहे. एकेक आकडा मिळवत जाणारा प्रोग्राम त्याला दिला आणि वेग वाढवायला सांगितलं, तर तो ती सगळी फेरी काढून टाकतो आणि तिथे गुणाकार करून निम्मे करण्याचं सूत्र बसवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सरच आठवले. फरक एवढाच की नुसतं उत्तर लिहिलं तर सर गुण कापायचे. "पायऱ्या कुठायत?" कंपायलर मात्र विचारल्याशिवाय पायऱ्या दाखवत नाही. त्याला त्या दाखवायला लावणारी साधनं बनवणं, हे माझं काम.

या कामात मी कसा पडलो ते सांगतो. त्यात माझी शोभा आहे, पण इथे सगळे घरचेच.

२०१५ साली मी पुण्यात एका कंपनीत होतो. आमच्या उपकरणात एक गुप्त किल्ली थोडा वेळ मेमरीत ठेवावी लागे. काम झालं की तिच्या जागी शून्यं भरून ती पुसायची, अशी ओळ मी स्वतः लिहिली होती. नुकतीच रुजू झालेली एक मुलगी चाचणी करत होती. बैठकीत ती म्हणाली, "सर, किल्ली मेमरीत तशीच दिसतेय." आठ माणसं बसली होती. मी पडद्यावर कोड उघडला आणि म्हणालो, "ही ओळ वाच. पुसलंय." ती गप्प बसली.

तीन दिवसांनी ती यंत्रभाषेतला छापील कागद घेऊन आली. माझी ओळ त्यात नव्हतीच.

झालं होतं ते असं. जेवण झाल्यावर पत्रावळ कुणी धुतं का? ती टाकूनच द्यायची असते. कंपायलरने तोच हिशेब केला. ही मेमरी आता सोडूनच देणार, यापुढे ती कुणी वाचणार नाही, मग तिच्यात शून्यं भरण्याचा खटाटोप कशाला? त्याने ओळ गाळली. भाषेच्या नियमांप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं. टाकलेली पत्रावळ कुणी उचलून पाहील, हे त्याला माहीतच नसतं. वेग वाढवण्याची सोय बंद ठेवून बांधलेल्या प्रोग्राममध्ये ओळ शाबूत होती, आणि मी नेमका तोच तपासला होता.

मी तिची माफी मागितली, पण केबिनमध्ये. बोललो होतो चारचौघांत. ते मला अजून खुपतं.

मग ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघं बसायला लागलो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २००० साली एलएलव्हीएम नावाचा प्रकल्प सुरू झाला. क्लँग त्याच्यावरच उभा आहे. तो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. त्याला सांगितलं तर प्रत्येक टप्प्यानंतर प्रोग्राम कसा दिसतो ते तो छापतो. फक्त ते छापील हजारो ओळींचं असतं, माणूस वाचणार किती? आमचं साधन एवढंच करतं की पुसण्याच्या प्रत्येक ओळीवर खूण करतं, प्रत्येक टप्प्यानंतर ती आहे का पाहतं, आणि नाहीशी झाली तर कोणत्या टप्प्याने खाल्ली ते सांगतं. ते आम्ही सगळ्यांसाठी खुलं केलं. साधन लिहायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त कंपनीच्या वकिलांची परवानगी मिळवायला लागला.

अशा कामात परकी माणसं येतात आणि तुमची चूक काढतात. पहिल्याच परक्या माणसाने लिहिलं की तुमचं साधन 'ठीक आहे' म्हणतंय, पण माझी किल्ली तशीच राहतेय. सोबत बारा ओळींचा नमुना जोडला होता. आमची समजूत अशी की पुसणारं काम वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं की कंपायलरला ते दिसत नाही, मग तो गाळणार कसा? पण तो गृहस्थ अशी पद्धत वापरत होता की शेवटी सगळ्या फाइली जोडताना पुन्हा एकदा काटछाट होते. आम्ही एकेक फाइल सुटी पाहत होतो. माझा पहिला विचार होता, "हा चुकीचं वापरतोय." लिहायलाही घेतलं होतं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी खोडलं आणि आभार मानून नमुना चालवून पाहिला. दुरुस्तीला दोन महिने लागले.

या क्षेत्रातलं सगळ्यांच्या ओळखीचं साधन म्हणजे कंपायलर एक्सप्लोरर. मॅट गॉडबोल्ट यांनी ते २०१२ मध्ये सुरू केलं. नव्या पद्धतीची फेरी लिहिली तर वेग कमी होईल का, असा प्रश्न त्यांच्या ऑफिसात होता. म्हणून एका बाजूला आपला कोड आणि दुसऱ्या बाजूला कंपायलरचं उत्तर, अशी मांडणी त्यांनी केली. आता लोक "गॉडबोल्ट करून बघ" असंच म्हणतात. आडनावाचं क्रियापद होणं म्हणजे केवढा मान!

दुसरी गोष्ट रिफ्लेक्शनची. प्रोग्रामने आरशात पाहून स्वतःची रचना ओळखणं, म्हणजे माझ्यात कोणकोणते रकाने आहेत हे त्याचं त्यालाच कळणं. जावामध्ये ही सोय १९९७ पासून आहे. सी-प्लस-प्लसच्या मानकात ती २०२५ च्या जूनमध्ये, बल्गेरियात सोफियाला भरलेल्या समितीच्या बैठकीत मंजूर झाली. आम्हाला तिचं अप्रूप का, तर कोणते रकाने पुसायचे याची यादी आजवर हाताने ठेवावी लागे. कुणी पिनचा नवा रकाना वाढवायचं आणि यादीत लिहायला विसरायचं. आता रकान्यावरच 'गुप्त' अशी खूण करता येते आणि प्रोग्राम आपण होऊन तेवढे रकाने शोधतो.

पण आरशात दिसतं ते तुम्ही लिहिलेलं. कंपायलरने त्यातलं काय ठेवलं, ते आरसा सांगत नाही. खुणेवरून शोधून पुसलेला रकानासुद्धा पत्रावळच ठरू शकतो. म्हणून दोन्ही साधनं लागतात. सी भाषेच्या २०२३ च्या मानकात गाळली जाऊ नये अशी पुसण्याची खास सोय आली आहे. तरीही किल्लीची एखादी प्रत कंपायलरने मधेच दुसरीकडे ठेवलेली असते, आणि ती आमच्या साधनाला अजून सापडत नाही. माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आम्ही तसं लिहिलंय.

त्याच पानावर पहिलं उदाहरण माझ्या त्या ओळीचं आहे. खाली लिहिलंय की हा दोष तिला सापडला आणि लिहिणाऱ्याने आठ माणसांसमोर तो नाकारला. हे वाक्य मी घातलं. तिने ते दोनदा काढलं, मी दोनदा परत घातलं. आता प्रकल्पाची प्रमुख तीच आहे आणि माझे बदल तीच तपासते. "सर, पायऱ्या?" असं विचारते. तो शब्द तिला माझ्याकडूनच कळला.

जाता जाता एक काम सांगतो. शाळेच्या संगणक कक्षात मी काल जाऊन आलो. नववीच्या चार मुलांना त्या बेरजेच्या प्रोग्रामचं कंपायलरने काय केलं ते दाखवलं. एकीने विचारलं, "सर, वजाबाकीचं पण असंच करतो का?" मला लगेच सांगता आलं नाही. पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी आम्ही बसणार आहोत. तिथे सहाच यंत्रं चालू आहेत. कुणाच्या घरी वापरात नसलेला लॅपटॉप असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला गाठा, मी डाव्या बाजूच्या तिसऱ्या टेबलावर आहे.