विरजण का लागत नाही?
(भाषणाचा मजकूर)



पेनिसिलीनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत. ते औषधाला दाद देईनासे होतात. दुग्धव्यवसायाच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा इशारा गोठ्यापर्यंत पोहोचतो. गायीला दगडी झाली की प्रतिजैविक टोचले जाते आणि त्याचा अंश काही दिवस दुधात उतरतो. उकळल्याने तो पुरता नाहीसा होत नाही.

हे विद्यार्थ्यांना दाखविण्यास दोन परीक्षानळ्या पुरेत. एकीत निरोगी गायीचे व दुसरीत औषध दिलेल्या गायीचे उकळून कोमट केलेले दूध घ्यावे आणि दोहोंत समान विरजण घालावे. औषधाचा अंश पुरेसा असल्यास दुसऱ्या नळीत दही उशिरा लागते वा लागतच नाही. ते दूध कोणी चाखू नये. अन्य कारणांनीही विरजण फसते, म्हणून प्रयोग पुन्हा करावा.

पुढे ९६ पांढरे खडे व ४ चिंचोके घ्यावेत. चिंचोके म्हणजे औषधाला न जुमानणारे जंतू. प्रत्येक फेरीत निम्मे खडे काढावेत व उरलेले सर्व दुप्पट करावे. पाचव्या फेरीअखेर खडे ९६ च राहतात, चिंचोके मात्र १२८ होतात.

जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांनी आरोग्यविद्या आत्मसात केली. शिक्षकांनी हा धडा वर्गात द्यावा. पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीत असे दूध संकलन केंद्रावर जाणार नाही, हे पंचायतींनी पाहावे.