वाटाड्याच्या मागे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातील अनुभव’ असा विषय दिला आहे. परदेशात इमारती उंच असतात आणि बस वेळेवर येते, हे आता आपल्या हिवऱ्यातल्या लहान पोरालाही मोबाईलवर दिसतं. त्यामुळे त्या अनुभवातला एकच तुकडा मी घेतो. त्याचा संबंध आपल्या सहल निधीशी आहे. आपल्या बॅचने दरवर्षी नववीच्या मुलांना हिवाळ्यात मेळघाटात न्यायचं ठरवलं, वर्गणीही जमली. कालच्या बैठकीत कार्यक्रमाचा कागद फिरला, त्यात रात्री आठ वाजता ‘आदिवासी नृत्य’ अशी एक ओळ होती. मला त्या ओळीबद्दल बोलायचं आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, वाळवंटात, एक प्रचंड लाल खडक आहे. उंची 348 मीटर. 1873 साली एका गोऱ्या भूमापकाने तो पाहिला आणि त्याला आपल्याकडच्या एका साहेबाचं नाव दिलं, एअर्स रॉक. तिथले अनांगू लोक हजारो वर्षांपासून त्याला उलुरू म्हणत होते, पण त्यांना कोण विचारतो? पुढे पर्यटक आले. 1964 साली खडकावर चढायला साखळी ठोकली गेली. आपल्या देवळाच्या कळसावर कुणी शिडी लावावी, तसंच हे.

26 ऑक्टोबर 1985 रोजी सरकारने त्या जमिनीची मालकी अनांगूंना परत दिली आणि लगेच राष्ट्रीय उद्यानासाठी तीच जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडून घेतली. म्हणजे मालक आदिवासी आणि भाडेकरू सरकार. आपल्याकडच्या माणसाला हे दोनदा ऐकावं लागतं. तरीही खडकावर चढणं लगेच थांबलं नाही. ‘कृपया चढू नका’ अशी पाटी होती आणि लोक पाटीशेजारून चढत होते. उद्यानाच्या मंडळावर अनांगूंचं बहुमत आहे. त्या मंडळाने 2017 साली निर्णय घेतला आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद झाली. बंदीच्या आधीच्या दिवसांत तिथे रांगा लागल्या होत्या. माणूस सगळीकडे सारखाच.

मी गेलो तेव्हा साखळी निघालेली होती. खडकाच्या पायथ्याने आम्ही एका अनांगू वाटाड्याच्या मागे चाललो. गाईड या शब्दापेक्षा मला आपला वाटाड्या हा शब्द बरा वाटतो. गाईड माहिती देतो, वाटाड्या पुढे चालतो. त्याने कुनियाची गोष्ट सांगितली. कुनिया म्हणजे अजगराच्या रूपातली पूर्वज बाई. विषारी सापांच्या टोळीने तिच्या भाच्याला मारलं, म्हणून ती चिडून आली. तिच्या लढाईच्या खुणा तो खडकावर हाताने दाखवत होता, पोथी वाचावी तसा. आमच्यातल्या एकाने विचारलं, “पुढे काय झालं?” तो म्हणाला, “तुम्हाला सांगितली ती लहान मुलांना सांगतो तेवढी. पुढची आमच्यातल्या मोठ्यांसाठी.” तो प्रवासी कुरकुरला, तिकीट काढलंय म्हणून. वाटाड्या हसला आणि पुढे चालू लागला. काही ठिकाणी फोटो काढू नये अशी विनंती लिहिलेली असते. ती जागाच त्यांची पोथी आहे आणि ती तिथेच, तिच्या जागी पाहायची.

क्वीन्सलंडमधल्या मॉसमन घळीतही मी गेलो आहे. तिथले कुकू यलांजी लोक आधी पाहुण्यांना ओल्या पाल्याच्या धुरातून नेतात, मग जंगल दाखवतात. एका झाडाची पानं पाण्यात चोळून फेस काढून दाखवला, तेव्हा मला आजीचा रिठा आठवला. पण जास्त लक्षात राहिला तो उलुरूचा नकार.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी निहाल लोक राहतात. त्यांची निहाली भाषा जगातल्या कोणत्याही भाषाकुळात बसत नाही. मराठीची बहीण नाही, कोरकूची नाही, तेलुगूची नाही. बोलणारे उरले जेमतेम दोन-अडीच हजार. भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यावर पुस्तकं लिहिली. मी शाळेत दहा वर्षं जिल्ह्याचा भूगोल घोकला, त्यात कापूस, ज्वारी आणि लोणार होतं, निहाली नव्हती.

मेळघाटातले कोरकू आपल्याला ऐकून माहीत आहेत, बहुतेक कुपोषणाच्या बातम्यांतून. कोर म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं. 1974 साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. कोरकू वाघाला कुला म्हणतात, कुलामामा म्हणतात. ज्याला आपण जिप्सीतून मान लांब करून पाहतो, तो त्यांचा मामा. गेल्या वर्षी सेमाडोहहून निघालो तेव्हा आमचा गाईड तरुण कोरकू होता. पहिला तासभर त्याने प्रशिक्षणात शिकवलेलं म्हणून दाखवलं, झाडांची नावं, चौरस किलोमीटर वगैरे. मग मी विचारलं, “सिपना नदीचं नाव कशावरून?” तो म्हणाला, “सिपना म्हणजे आमच्यात साग.” तिथून माणूस बदलला. पायाचा ठसा, मोहाचं फूल, त्याच्या आजोबांचं अस्वल, असं सगळं बाहेर आलं. एका मोकळ्या जागी जुनी आंब्याची झाडं होती. “इथं गाव होतं,” एवढंच तो म्हणाला. मी पुढे विचारलं नाही.

कोहा, कुंड, बोरी, वैराट, चुर्णी ही गावं वाघासाठी उठली. वैराट 1178 मीटरवर, मेळघाटातलं सगळ्यात उंच ठिकाण. आज तिथे सफारी जाते. उठलेल्या गावांपैकी काही आज अकोट, तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आहेत, जंगलातला माणूस कपाशीच्या काळ्या मातीत. व्हायला हवं होतं की नको होतं, यावर मी इथे निकाल देत नाही, वाघही जगला पाहिजे. पण त्या गावांवरून गाडी जाते तेव्हा तिथला माणूस पुढच्या सीटवर असावा आणि काय सांगायचं, काय नाही, हे त्याने ठरवावं, एवढं तरी आपण मानू.

उलट टोकही सांगतो. अंदमानात जारवांच्या जंगलातून रस्ता जातो. 2012 साली एक चित्रफीत बाहेर आली. तीत जारवा बायकांना खाण्याच्या आमिषाने पर्यटकांसमोर नाचायला लावलं होतं. साऱ्या देशात संताप झाला. आपला कागद तिथवर जात नाही, हे मला मान्य आहे. आपण मानधन देणार, चहा पाजणार. तरीही विचार करा. कोरकूंचा नाच, सुसुन, होळीत रंगतो. तेव्हा ते स्वतःहून नाचतात, रस्ता अडवून आपल्याकडून हक्काने फगवा घेतात. हिवाळ्यात, रात्री आठ वाजता, पंचेचाळीस मुलांसाठी तो कशाला?

इथलंच बघा. विवेकानंद जयंतीला आपल्या शेतांत पंगती बसतात, ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. आपण सगळ्यांनी ती वाढली आहे, हाताला तेलाचा वास दोन दिवस राहतो. उद्या जून महिन्यात कुणी बसभर माणसं आणली आणि म्हणाली, ‘दहा मिनिटं पंगत बसवून दाखवा, फोटो हवाय, पैसे देतो’, तर सरपंच काय म्हणतील ते मी माईकवर सांगू शकत नाही.

दुसरा रस्ता आहे आणि तो महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात पुरुषवाडी नावाचं महादेव कोळ्यांचं गाव आहे. पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला लोक तिथे जातात. गावकऱ्यांच्या घरी जेवतात, गावातलेच तरुण रात्री काजव्यांकडे नेतात. पाहुणा गावाच्या पद्धतीने राहतो.

म्हणून माझी सूचना अशी. त्या ओळीवर काट मारावी. नृत्याचे पैसे दोन जादा कोरकू वाटाड्यांना द्यावेत, म्हणजे प्रत्येक पंधरा मुलांमागे एक होईल. एक वेळचं जेवण गावातल्या घरांत ठरवावं, ते जे करतील ते, आणि मुलांनी ताटात टाकायचं नाही. जाण्याआधी इथे वर्गात कोरकूचे वीस शब्द शिकवावेत. त्यासाठी वाटाड्यालाच एक दिवस आपल्या शाळेत बोलवावं, एस.टी.चं भाडं आणि गुरुजींचा मान देऊन. आणि मुलांना एक गोष्ट आधी सांगावी: वाटाड्या एखाद्या जागी ‘इथं फोटो नको’ म्हणाला तर कारण विचारायचं नाही, मोबाईल खिशात.

खर्चाचा सुधारित कागद मी करून आणला आहे. बेरीज कालच्यापेक्षा अकराशे रुपयांनी जास्त येते, ते मी देतो. चहाच्या वेळी तो कागद फिरवतो. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी, ज्यांना पटणार नाही त्यांनी माझ्याशी भांडायला यावं. मी मागच्या बाजूला, चिंचेखाली आहे.