कल्याणला समुद्र येतो

कल्याणला आपण उतरतो ते गाडी बदलायला. बंदर म्हणून हे गाव पाहायला कुणी जात नाही. मी पौर्णिमेच्या दिवशी डोंबिवलीहून निघून सकाळी साडेदहाला दुर्गाडीवर पोहोचले. किल्ला कसला, टेकडीच ती. तटबंदीही थोडीच उरलेली. पण खाडीकडे तोंड करून उभं राहावं. उल्हास नदीचं पाणी उलटं, गावाकडे चढत होतं! समुद्र इथून दिसत नाही, पण वसईच्या बाजूनं तो दिवसातून दोनदा कल्याणला येऊन जातो.

याच पाण्यावरून गलबतं येत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचं नाव आहे. त्या काळी निर्बंध होते. इथे शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोनारही आहेत. म्हणजे पैसा इथे खुळखुळत होता. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि पुढे याच खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजं बांधली गेली. १८५४ मध्ये रेल्वे आली, आणि हळूहळू गावानं खाडीकडे पाठ केली. आता तिथे गाळ आहे, प्लॅस्टिक आहे.

आपल्या शाळा सहली मुरूड-जंजिऱ्याला नेतात. खुशाल न्याव्यात. पण अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचा एखादा रविवार पाहून मुलांना इथेही आणा. दहाच्या पुढे, पाणी चढताना.