पत्ता कोणाच्या मालकीचा?



ईमेलची कंपनी बदलणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. आम्ही कामगार संघटनेची माणसे; वेतन, बोनस, कामाचे तास यांवर बोलावे, हीच आमच्याकडून अपेक्षा. पण आमच्या माणमध्ये हा प्रश्न वेतनाच्याच पंगतीला येऊन बसला आहे. माण हे मुळशी तालुक्यातले शेतीचे गाव. हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वाढत वाढत आमच्या शिवारात शिरले आणि कामगारांची तऱ्हाही पालटली. या नव्या कामगाराच्या हाती पाना नाही. त्याचे पगारपत्रक, रजेचा अर्ज, साहेबाने रात्री अकराला धाडलेला हुकूम, सारे ईमेलच्या पेटीत असते. आणि ती पेटी कंपनीची.

ज्या दिवशी राजीनामा मागतात, त्याच संध्याकाळी पेटीला कुलूप लागते. मग माणूस आमच्याकडे येतो आणि म्हणतो, ‘‘दादा, पुरावा आहे, पण तो आत आहे.’’ बँकेला, विम्याला कोणता पत्ता दिला होता, असे विचारावे तर बहुधा उत्तर येते, कंपनीचाच! म्हणून आम्ही प्रत्येक सभेत सांगतो की, नेमणूकपत्र आणि पगारपत्रके वेळीच आपल्या खाजगी पत्त्यावर घ्या. ग्राहकाच्या कामाच्या कागदाला मात्र हात लावू नका. नाहीतर हक्क मागायला जाल आणि चोरीचा आळ घेऊन याल.

आता खाजगी पत्ता म्हणजे तरी आपला का? येथे खरी मेख आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर टेलिफोनची कंपनी बदलली तरी मोबाइलचा क्रमांक आपल्यापाशी ठेवता येतो. भविष्य निर्वाह निधीचेही तसेच. पूर्वी नोकरी बदलली की खात्याचा नवा क्रमांक. २०१४ पासून एकच क्रमांक माणसाबरोबर मालकामागून मालक फिरतो. ईमेलला असा नियम आपल्याकडे नाही. ‘अ‍ॅट’च्या खुणेपुढचे नाव ज्याचे, पत्ता त्याचा. कंपनी सोडली की पत्ताही सुटतो.

आणि हे दुखणे गरिबाचेच आहे असे नाही. २०२५ च्या जुलैत युरोपीय संघाने नायरा एनर्जी या तेलकंपनीवर निर्बंध घातले. तिची मुख्य कचेरी मुंबईत, कारखाना गुजरातेत वाडीनारला. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबविली. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, टपाल रेडिफकडे न्यावे लागले. काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाली. पेटीचे कुलूप मालकालाही लागते, हे आम्हाला त्या वेळी कळले. आनंद झाला असे म्हणणार नाही. पण आमच्या कचेरीत त्या दिवशी चहा दोनदा झाला.

केंद्र सरकारने आपल्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे टपाल झोहो या तमिळनाडूतल्या कंपनीच्या यंत्रणेवर हलविल्याचे २०२५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले. यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की पेटी बदलली, पण पत्त्याचे शेपूट ‘गव्ह डॉट इन’, ‘एनआयसी डॉट इन’ असेच राहिले. कारण ते नाव सरकारचे स्वतःचे. उद्या झोहो सोडले तरी कोणा नागरिकाला नवा पत्ता कळवावा लागणार नाही.

आम्ही संघटनेसाठी हेच केले. स्वतःचे नाव नोंदविले. वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च. मग जुनी पत्रे नव्या पेटीत उतरवून घेतली, जुन्या पत्त्यावरचे टपाल नव्याकडे वळते केले आणि बँक, कामगार आयुक्तांची कचेरी, वकील, सभासद अशी यादी करून एकेकाला कळविले. या शेवटच्या कामालाच सारा वेळ गेला. जुनी पेटी आम्ही मोडली नाही. अधूनमधून उघडतो. गूगलने २०२३ च्या डिसेंबरापासून दोन वर्षे न उघडलेली खाती काढून टाकण्यास आरंभ केला आहे, तेव्हा नुसते विसरून चालत नाही.

आणखी एक. नाव नोंदवायला बसतो तो बहुधा संघटनेतला एखादा हुशार पोरगा, आणि तो नोंद आपल्याच नावावर करतो. तसे होऊ देऊ नका. नोंद संघटनेच्या नावे असावी, आणि नूतनीकरणाची तारीख कचेरीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेली असावी.