सूक्ष्मदर्शकाची निगा

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू आढळले. त्या वेळी त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते आणि उरलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेला होता. रॉस यांची चिकाटी असामान्य होती. परंतु रोज शेकडो रोग्यांचे रक्त तपासणाऱ्याने अशा असामान्यतेवर विसंबून चालत नाही.

छत्तीसगढच्या वनप्रदेशात हिवताप आजही आहे आणि सिकलसेलचा आनुवंशिक विकारही आहे. सिकलसेलच्या रोग्याच्या काही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसतात. पक्के निदान पुढील चाचण्यांनी होते. हिवतापाचा निर्णय मात्र रायपूरच्या प्रयोगशाळेत काय, खेड्यातील आरोग्य केंद्रात काय, काचपट्टीवर होऊ शकतो.

तांबडी पेशी मिलिमीटरच्या सुमारे सात सहस्रांश भागाएवढी; जंतू तिच्याही आत. त्यासाठी शंभरपटीचे भिंग लागते. काचेतून हवेत येताना प्रकाश वाकतो व वाया जातो. म्हणून काचपट्टी आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवतात. भिंग खाली आणताना बाजूने पाहावे, नेत्रभिंगातून नव्हे. नाही तर पट्टी फुटते आणि भिंगावर ओरखडा उठतो. या भिंगावर मोठा स्क्रू फिरवू नये. बारीक स्क्रूच पुरेसा असतो. जाड थरातील निदान शंभर क्षेत्रे पाहिल्यावाचून ‘जंतू नाहीत’ असे लिहू नये.

काम संपताच तेल भिंगासाठीच्या मऊ कागदाने टिपून घ्यावे. धोतराच्या सोग्याने किंवा रुमालाने पुसणे म्हणजे धुळीचे कण काचेवर घासणे होय. वाळलेले तेल पुढच्या प्रत्येक रोग्याच्या रक्तावर धुके पसरते.

रायपूरच्या उन्हाळ्यात शत्रू धूळ, तर पावसाळ्यात बुरशी. ती भिंगावर जाळे विणते आणि काचेला कायमची इजा करते. यास्तव सूक्ष्मदर्शक लहानसा दिवा सतत जळत असलेल्या कपाटात ठेवावा. वीज नसेल तेथे पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व त्या वरचेवर तापवून कोरड्या कराव्यात. प्लॅस्टिकच्या घट्ट आवरणात ओल कोंडून राहते.

अंधुक भिंग आपण अंधुक आहोत असे सांगत नाही. ते केवळ जंतू दाखवीत नाही. अहवालात ‘नाही’ असे उमटते, आणि तापाने फणफणलेले मूल औषधावाचून घरी परतते.