भाकरी, ताक आणि पोटाच्या गोळ्या



नातेपुत्यात दवाखाना चालवताना मी सगळ्यांत जास्त कुठली तक्रार ऐकत असेन तर ती म्हणजे "बाई, पोट साफ होत नाही." शेतकरी सांगतात, कॉलेजातली मुलं सांगतात, नव्या सुना दार लोटून घेऊन हळू आवाजात सांगतात. म्हाताऱ्या माणसांचा तर सगळा दिवस त्यावर अवलंबून असतो. सकाळी झाली तर दिवस बरा, नाही तर जेवणाची वासना नाही, बोलण्यात लक्ष नाही.

आधी एक भीती काढून टाकू. रोज सकाळी ठरल्या वेळी झालीच पाहिजे असा शरीराचा नियम नाही. दिवसातून 3 वेळा ते आठवड्यातून 3 वेळा, यातलं काहीही निरोगी माणसाला चालतं, फक्त मळ मऊ हवा आणि कुंथावं लागता कामा नये. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक नसलेल्या दुखण्यावर औषध घेत बसतात.

आणि औषध तरी कसलं? आपल्याकडच्या बायका सांगतात, मिश्री लावल्याशिवाय मला होतच नाही. ते खोटं नसतं. तंबाखूतलं निकोटीन आतड्याला चाळवतं, म्हणून होते. पण महिन्या-दोन महिन्यांत शरीराला त्याची चटक लागते आणि मग मिश्री पोटासाठी राहत नाही, मिश्रीसाठीच मिश्री लागते. हिरड्या सुटतात, दात हलतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आई लावते म्हणून दहा-बारा वर्षांची पोरगी बोट बुडवते, हे मी पाहिलं आहे, आणि ते पाहताना जीव तुटतो. आया-मावश्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, पोटासाठी म्हणून हे लावू नका आणि पोरींसमोर तर नकोच.

दुसरं चूर्ण. बाजारातल्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला ढोसून हलवते. कधीमधी, एखाद-दुसऱ्या रात्री घ्यायला हरकत नाही. पण वर्षानुवर्षं रोज चमचा घेतला की मूळ कारण झाकलं जातं, पोटात मुरडा येतो, जुलाब होऊन अंगातलं पोटॅशियम कमी होतं. ज्यांना रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हातच लावू नये.

मग आतड्याला हवं तरी काय? आपल्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू राहतात, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपण खाल्लेल्या अन्नातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो यांचं अन्न. गोठ्यातल्या जनावराला वैरण घातली तर दूध मिळतं, तसा या जिवाणूंना चोथा मिळाला की ते त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. चोथा कमी पडला की त्यांतले काही जिवाणू आतड्यावरचा बुळबुळीत संरक्षक थर खाऊ लागतात. हे प्रयोगशाळेत उंदरांमध्ये दिसलेलं आहे.

पुण्यातल्या संशोधकांनी आपल्याच लोकांच्या पोटातले जिवाणू तपासले आहेत. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. एकत्र कुटुंबात एका छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या पोटातले जिवाणू त्यांनी ताडून पाहिले. वयाबरोबर त्यांचं प्रमाण बदलत होतं, पण पाश्चात्त्य देशांत दिसलं होतं तसं नाही. म्हणून परदेशातल्या पोटावर बेतलेला सल्ला आपण जसाच्या तसा उचलू नये असं मला वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सांगितलं की मोठ्या माणसाच्या पोटात रोज निदान 25 ग्रॅम चोथा जावा, तोही अन्नातून. आता आपल्या ताटाकडे बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्याप्रमाणे 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, बाजरीत त्याहून थोडा जास्त. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात 3 ग्रॅमसुद्धा भरत नाही. दोन भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, एखादी पालेभाजी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी, एवढ्यात पंचविसाचा आकडा सहज गाठला जातो. आपला सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मालदांडी इथली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं. आणि त्याच जिल्ह्यात सकाळी चहाबरोबर खारी-टोस्ट, दुपारी भात, संध्याकाळी वडापाव असा दिवस जातो. ऊस आला, पैसा आला, भाकरी थापणं मागं पडलं. थापणाऱ्या बाईच्या पाठीवरचं ओझं मला कळतं, भाकरी तिनं एकटीनंच थापावी असं कुणी म्हणू नये. पोरांनाही परातीपुढे बसवा.

कडधान्यानं गॅस होतो म्हणून ती टाळणारे खूप आहेत. मटकी, हुलगा, हरभरा यांतल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात, त्यातून वायू होतो. रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, मोड आणा, मग शिजवा. सुरुवात अर्ध्या वाटीनं करा आणि दोन-तीन आठवडे दम धरा. आतड्याला सवय होते.

गेल्या उन्हाळ्यात एक आजी लेकीबरोबर आल्या होत्या. खुर्चीवर टेकायच्या आधीच पिशवी टेबलावर पालथी केली. जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूलची पट्टी, ओळखीच्या एका बाईकडून घेतलेला "आतडं धुऊन काढणाऱ्या" पावडरचा महागडा डबा, लिव्हरचं टॉनिक, रक्तवाढीच्या गोळ्या आणि रोज सकाळी अनशापोटी घ्यायची पित्ताची कॅप्सूल. ही शेवटची कुणी, कधी लिहून दिली ते त्यांनाही आठवेना. म्हणाल्या, "बाई, यातलं कुठलं घिऊ आन् कुठलं सोडू, येवढंच सांगा." मी विचारलं, काल दिवसभर काय खाल्लं? चहात बुडवून टोस्ट, मऊ भात, वरण, परत भात. भाकरी का नाही? त्यांनी तोंड उघडून दाखवलं. दाढा नव्हत्याच. चावता येत नाही म्हणून भाकरी गेली, भाकरी गेली म्हणून चोथा गेला, आणि पाचही औषधं त्या दाढांच्या जागी खर्ची पडत होती. त्यात रक्तवाढीच्या गोळ्यांनी मळ आणखी घट्ट होत होता.

कवळी होईपर्यंत त्यांना खाणं सांगितलं ते घरातलंच होतं. ताकात कुस्करलेली भाकरी, हुलग्याचं माडगं, आंबील. ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी पाण्यात सोडून ढवळत शिजवायचं, मीठ-जिरं आणि ठेचलेला लसूण घालायचा. शिजवल्यावर ताकातले जिवाणू मरतात, तेव्हा आंबील हे जिवाणूंचं औषध आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यात चोथा आहे, पाणी आहे, आंबल्यामुळे ते पचायला हलकं झालेलं आहे, आणि दात नसलेल्या माणसाच्या पोटात ते जातं.

जिवंत जिवाणू हवे असतील तर ताजं दही-ताक आहेच. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले मेचनिकॉफ, ज्यांना 1908 चं नोबेल मिळालं, त्यांना बल्गेरियातले दही खाणारे शेतकरी दीर्घायुषी वाटले आणि तिथून दह्यातल्या जिवाणूंकडे जगाचं लक्ष गेलं. आयुष्य वाढतं हे काही सिद्ध झालं नाही. पण दुधातली साखर ज्यांना पचत नाही त्यांना दही सोसतं, एवढं पक्कं आहे. शिवाय माळकरी घरात बी-12 मिळण्याची वाट दूध, दही, ताक एवढीच.

डाळिंबाबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्या भागातलं ते नगदी पीक. सोलापुरात 2005 पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. डाळिंबातल्या काही घटकांपासून पोटातले जिवाणू युरोलिथिन नावाचा पदार्थ तयार करतात, आणि तो सगळ्यांच्या पोटात सारखा तयार होत नाही, ज्याच्याकडे ते जिवाणू आहेत त्याच्याच. परदेशात आता त्याच्या गोळ्या विकतात. तुमच्या बागेतलं दुय्यम प्रतीचं फळ व्यापारी नाकारतो, ते पोरांना दाण्यांसकट चावून खायला द्या. रस काढून गाळला की चोथा गाळणीतच राहतो.

आता गोळ्या-पावडरी. त्या सगळ्या वाईट असं माझं म्हणणं नाही, प्रत्येकीचं काम ठरलेलं आहे. इसबगोल चांगलं. एक-दोन चमचे, पण मोठा पेलाभर पाण्यात लगेच ढवळून घ्यायचं आणि वर आणखी पाणी प्यायचं. कोरडं गिळलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

जिवाणूंच्या कॅप्सूलबद्दल अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले आणि बहुतेक पोटाच्या आजारांसाठी त्या द्याव्यात असा पुरावा मिळत नाही असं सांगितलं. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवर काही ठरावीक जातींचा उपयोग होतो, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिल्या तर घ्या. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे रोजच्या मात्रेत निदान 10 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. पाकिटावर जातीचं नाव, संख्या, मुदत आणि कुठे ठेवायचं हे लिहिलेलं नसेल तर परत करा. मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेल्या पट्टीत जिवंत किती उरले असतील याचा विचार करा. आणि आतडं धुणारी पावडर कुणीच घेऊ नये. आतडं धुवावं लागत नाही.

बी-12 ची गोष्ट वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला, त्यांत निम्म्याहून जास्त जणींत हे जीवनसत्त्व कमी निघालं. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्ताची कॅप्सूल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ते उतरतं. हातापायाला मुंग्या, जीभ लाल, थकवा असेल तर रक्त तपासा आणि कमी असेल तर गोळी जरूर घ्या. पित्ताची कॅप्सूल मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, विचारून हळूहळू कमी करा.

पुढच्या आठवड्यात माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला येईल. घरोघरी पंगती उठतील, टँकर येतील. पाणी क्लोरीन टाकलेलं किंवा उकळलेलंच द्या, वाढणाऱ्यानं साबणानं हात धुवावेत, सकाळचं शिजवलेलं दुपारच्या उन्हात उघडं ठेवू नये. एकादशीच्या भगरीचं पीठ सुटं घेऊ नका, पावसाळी दमट हवेत त्याला बुरशी लवकर धरते. अख्खी भगर निवडून, धुऊन घरी दळा. घरात जलसंजीवनीची पाकिटं आणून ठेवा. बांगलादेशाच्या युद्धात, 1971 साली, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याची हजारो माणसं वाचवली. एक पाकीट एक लिटर पाण्यात, सगळं एकदम. अर्धं आज, अर्धं उद्या असं करू नका, आणि कालवलेलं चोवीस तासांनी फेकून द्या. लेकराला जुलाब असतील तर अंगावरचं दूध चालू ठेवा, आणि जस्ताची गोळी 14 दिवस पुरी करा, जुलाब आधी थांबले तरी.

आणखी एका गोष्टीनं मला फार त्रास होतो. शाळेतल्या मुली दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. संडासला कडी नाही, पाणी नाही, म्हणून. ऊसतोडीला आलेल्या बायका अंधार पडेपर्यंत आवरून धरतात. आलेली कळ पुन्हा पुन्हा दाबली की आतडं ती कळ देणंच कमी करतं, मळ सुकतो, मूळव्याध होते. इथे ना चोथा पुरतो ना चूर्ण. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या आया-बापांनी पुढच्या बैठकीत संडासाची कडी आणि पाण्याची टाकी हा विषय आधी घ्यावा. कारखान्याच्या फडावर टोळी उतरते त्या दिवशीच आडोसा उभा राहावा.

आणि शेवटी, कुठल्या वेळी घरचं काही करत बसू नये ते सांगते. मळातून रक्त, डांबरासारखा काळा मळ, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, सारखा ताप, किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय. रक्तवाढीच्या गोळीनंही मळ काळा होतो, तेव्हा कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना सांगा. मूळव्याधच असेल असं धरून चालू नका. पालखीच्या गर्दीत थांबू नका, त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा, आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या.